बायांचा जमाखर्च

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेलचे रहिवासी आहेत.)



आम्ही समुद्रकाठच्या अंजनवेलहून आलो आहोत. तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. वाशिष्ठी नदी दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. त्या खाडीच्या दक्षिण तोंडाला गोपाळगड आहे आणि गडाला लागून आमचे गाव. तुमच्याकडे पाऊस आठ दिवस लांबला की दुबार पेरणीची पाळी येते. आमच्याकडे चार महिने आभाळ फाटल्यासारखे कोसळते, आणि मे महिना आला की बायका हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी पाणी शोधतात. तुम्ही काळ्या रानात कपाशी आणि ज्वारी घेता, आम्ही तांबड्या मातीत भात, नाचणी, वरी घेतो. पीक वेगळे, माती वेगळी, बोलीही वेगळी. पण बाजारात गेल्यावर आपण दोघेही सारखेच नागवले जातो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आज मात्र आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. एका म्हातारीची आठवण सांगणार आहोत. पंच्याऐंशीच्या आसपास वर्षे ती जगली. मुले वाढवली, सुना आल्या, नातवंडे पाहिली. तिच्या नवऱ्याचे नाव महाराष्ट्रात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तिचे नाव विचारले तर या मांडवात किती हात वर होतील, हा प्रश्नच आहे.

नवऱ्याचे नाव महर्षी धोंडो केशव कर्वे. म्हातारीचे नाव आनंदीबाई. घरात सगळे त्यांना बाया म्हणत. आम्हीही बायाच म्हणू.

कोणी म्हणेल, पुण्याच्या महर्षींच्या बायकोशी कपाशीवाल्या शेतकऱ्याचे काय नाते? नाते आहे. आपण ज्याला उत्पादन खर्च म्हणतो त्याचे नाते आहे. ते पुढे येईलच. आधी बायांची गोष्ट ऐका.

मनिऑर्डरीचे अर्धे खरे

बाया देवरुखच्या जोशांच्या. सासर मुरुडचे. आमच्या अंजनवेलहून खाडी ओलांडली की दाभोळ, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेले की दापोली तालुक्यातले मुरुड. म्हणजे बाया आमच्याच मुलखातल्या. हा मुलूख कसा चालत आला ते सांगितल्याशिवाय बाया कळायच्या नाहीत.

कोकण मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगले असे सगळे म्हणतात. हे अर्धे खरे आहे. घरचा गडी मुंबईला गिरणीत, गोदीत, नाही तर कोणाच्या घरी कामाला. पैसे आले तर आले. मागे कोण? म्हातारी सासू, तरणी सून, चार पोरे, एखादी म्हैस आणि डोंगरउताराचे तुकडे तुकडे शेत. राब भाजायचा, तरवा काढायचा, म्हणजे भाताचे रोप उपटायचे, गुडघाभर चिखलात वाकून लावणी करायची, बेणायचे, कापायचे, झोडायचे, वर्षाचे भात कणगीत भरायचे. नांगरापुरता गडी मिळाला तर ठीक. बाकी सगळे बाईच्या अंगावर.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो मिटलाच नाही. हजारो गडी गावी परत आले. त्या वर्षी त्यांच्या ताटात जे पडले ते मनिऑर्डरीतून आले नव्हते. ज्या शेताला आम्ही कधी शेत मानले नव्हते, बायका काहीतरी करत असतात म्हणत होतो, त्या शेतातून ते आले होते.

आमच्याकडे घराघरातली म्हातारी अशी आहे. तुमच्याकडे वेगळी असेल असे आम्हाला वाटत नाही. कपाशीची वेचणी कोणाच्या ओटीत होते? ज्वारीची कणसे कोण खुडते? निंदायला ओळीने कोण बसलेले असते? हे तुम्ही आम्हाला सांगायचे.

गोदूबाई

बायांचे माहेरचे नाव गोदूबाई. जन्म १८६५ च्या सुमाराचा. आठव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच नवरा गेला. नवरा म्हणजे काय हे कळायच्या आत पोर विधवा झाली. पुढची पंधराएक वर्षे त्या काळच्या ब्राह्मण विधवेची जी गत होती तीच तिची झाली. काम सगळे तिने करायचे आणि हक्क कशावरच सांगायचा नाही. लग्नकार्यात समोर यायचे नाही. कोणी कामाला निघाले तर आडवे जायचे नाही.

भाऊ नरहरपंत जोशी मुंबईला शिकत होते. त्यांनी बहिणीला मुंबईला नेले. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, आणि तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे आमच्या देवरुखची गोदूबाई. वय विशीच्या पुढे गेलेले. त्या वयात ती पाटी घेऊन बसली. आपल्याकडे चाळिशीतली बाई सही शिकते तेव्हा लोक हसतात. त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

नरहरपंतांचे मित्र होते धोंडो केशव कर्वे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांची पहिली बायको राधाबाई १८९१ मध्ये वारली, घरात रघुनाथ नावाचा मुलगा. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले. विधवाविवाहाचा कायदा झाला होता १८५६ मध्ये. कायदा होऊन ३७ वर्षे झाली तरी असे लग्न लागले की गावे पेटत. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हे लग्न झाले. शारदा सदन उघडले तोच महिना, तीच तारीख, चार वर्षांनंतर. गोदूबाईच्या आनंदीबाई झाल्या.

मुरुडचा बहिष्कार

लग्नाची बातमी मुरुडला पोचली आणि गावाने बहिष्कार टाकला. कर्वे ज्या बैठकीला असतील तिथे बसायचे नाही. जो नातेवाईक त्यांना घरात घेईल तोही जातीबाहेर. म्हणजे आई गावात, भाऊबहीण गावात, आणि मुलाला त्या घरात जेवायला बसता येत नाही. त्याने पाऊल ठेवले तर म्हाताऱ्या आईला वाळीत टाकणार.

महर्षींच्या चरित्रात या बहिष्काराची पाने असतात आणि ती असायलाच हवीत. पण बहिष्कार घरात येतो तेव्हा तो पुरुषाच्या वाट्याला किती आणि बाईच्या वाट्याला किती? पुरुष सकाळी कॉलेजात जातो. तिथे चार मित्र असतात, पाठीवर हात ठेवणारा एखादा मोठा माणूस असतो. बाई घरात असते. बाळंतपणाला कोण येणार, हळदीकुंकवाला कोण बोलावणार, मुलांना कोण आपल्या पोरांत खेळू देणार, पुढे मुलांची लग्ने कुठे जमणार, हा हिशेब रोजचा आणि तो तिचा.

त्यातून बायांनी घर उभे केले. सवतीचा रघुनाथ वाढवला. शंकर, दिनकर, भास्कर ही आपली तीन मुले वाढवली. पगार बेताचा.

विम्याचे पाच हजार

१८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याला गेला. तिथल्या झोपडीतून आश्रम वाढला. कर्वे दिवसा कॉलेजात शिकवायचे आणि पायी हिंगण्याची वाट धरायचे. हे सगळे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे.

पुस्तकात जे कमी येते ते असे. कर्व्यांनी आपल्या आयुष्याचा पाच हजार रुपयांचा विमा उतरवला होता. ही पॉलिसीच त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. त्या काळचे पाच हजार म्हणजे एका बेताच्या पगारदाराच्या घराची पुढची सगळी वर्षे. नवऱ्याचे काही बरेवाईट झाले तर मुलांच्या तोंडात घास जाईल एवढा एकच आधार होता, तो गेला.

बायांना हे पसंत पडले नाही. त्या रडल्या, भांडल्या. आणि का भांडू नये? विधवा होणे म्हणजे काय हे त्या घरात एकट्या त्यांनाच ठाऊक होते. नवरा मेल्यावर बाई कोणाच्या दारात उभी राहते हे त्यांनी आठव्या वर्षापासून पाहिले होते.

आणखी एक गोष्ट. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता. इथे विधवांची लग्ने लावून देतात असा बोभाटा झाला असता तर लोकांनी मुली पाठवल्या नसत्या, वर्गणीही दिली नसती. म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाचे काम आणि आश्रमाचे काम वेगळे ठेवले. त्याचा परिणाम असा की पुनर्विवाह केलेल्या बायांनाच आश्रमापासून अंतर राखून राहावे लागले. त्यांची सख्खी धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाची मोठी आधारवड झाली. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत ती थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आली. आणि ज्या बाईच्या घरातला पैसा, वेळ आणि माणूस आश्रमात गेला तिला मात्र बाजूला उभे राहावे लागले.

आम्हाला यात महर्षींना लहान करायचे नाही. त्यांच्या आश्रमातून शिकलेल्या बायकांनी महाराष्ट्राचे चित्र पालटले. १९१६ मध्ये त्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढले, ते आजही चालू आहे. आमचा मुद्दा निव्वळ हिशेबाचा आहे. आश्रमाच्या वहीत पाच हजार रुपये कर्व्यांच्या नावावर जमा झाले. ते खर्ची कोणाच्या नावावर पडले?

त्यांची सून इरावतीबाई मोठ्या विद्वान, फटकळही. सासऱ्यांवर लिहिताना त्यांनी मान्य केले आहे की या घरची सून झालो हे आपले नशीब मोठे, पण या माणसाची बायको झालो नाही हेही नशीबच. सुनेला कळले ते आपल्याला कळायला काय हरकत आहे?

घरच्यांचे श्रम

आता उत्पादन खर्चाकडे येऊ.

कृषी मूल्य आयोग दर वर्षी पिकाचा खर्च काढतो. बियाणे, खत, फवारणी, भाड्याची जोडी किंवा ट्रॅक्टर, बाहेरच्या माणसांची मजुरी, हा झाला प्रत्यक्ष खर्च. त्यात घरच्या माणसांच्या कामाची मजुरी आकारून मिळवतात. दीडपट हमीभावाची जी भाषा २०१८ पासून सरकार करते आहे ती या बेरजेच्या दीडपटीची. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले तर आकडा वाढतो, म्हणून ते धरायचे नाही. हा वाद तुम्हाला तोंडपाठ आहे.

या तक्त्यात जे घरच्यांचे श्रम म्हणून एक ओळ असते, त्या ओळीत कोण राबते? निंदण तिचे, वेचणी तिची, खुडणी तिची. आणि हे झाले शेतातले. पहाटे उठून दुरडीभर भाकरी थापल्या, शेण काढले, पाणी आणले, सालदाराची न्याहारी रानात पोचवली, पोराला ताप होता म्हणून रात्र जागून सकाळी परत निंदायला गेली, याला त्या तक्त्यात ओळच नाही. आपण सरकारला म्हणतो, तुम्ही आमचा खर्च चोरता. खरे आहे, चोरतात. पण घराच्या आत आपणही एक खर्च चोरतो. सरकारने निदान ओळ तरी ठेवली आहे, आपण तीही ठेवलेली नाही.

बायांच्या गोष्टीतले विम्याचे पाच हजार आणि तुमच्या घरातल्या म्हातारीचे साठ वर्षांचे निंदण, ही दोन्ही एकाच जातीची रक्कम आहे. ती कोणाच्या तरी कामात जिरली, आणि ज्याच्या कामात जिरली त्याचे नाव झाले.

म्हातारीने स्वतःच लिहिले

बायांचे वेगळेपण हे की त्यांनी आपला हिशेब दुसऱ्यावर सोडला नाही. म्हातारपणी त्यांनी आपली कहाणी सांगितली. भास्करची बायको कावेरीबाई, म्हणजे धाकटी सून, तिने तिचे संपादन केले आणि १९४४ मध्ये पुस्तक निघाले. नाव दिले ‘माझे पुराण’. म्हाताऱ्या बाईने बोलायला सुरुवात केली की आपण म्हणतो, झाले हिचे पुराण सुरू. हाच शब्द त्यांनी पुस्तकाच्या माथ्यावर घातला. देवादिकांचे पुराण सगळ्यांनी ऐकले, आता माझेही ऐका.

आठव्या वर्षाचे वैधव्य, पाटीवरची अक्षरे, बहिष्कार, पैशाची ओढाताण, नवऱ्याशी झालेली भांडणे, सगळे त्यांनी सांगितले. संत आणि सतीच्या मखरात बसायला त्या तयार नव्हत्या. म्हणूनच त्यांच्या पुस्तकातून महर्षींचे मोठेपण कमी होत नाही, ते कोणत्या किमतीला पडले तेवढे कळते.

आणि भरल्या घराची ही म्हातारी होती, हेही सांगितले पाहिजे. रघुनाथरावांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. शिव्या खाल्ल्या, खटले अंगावर घेतले, माघार घेतली नाही. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला स्थायिक झाले. दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. भास्करराव आणि कावेरीबाई हिंगण्याच्या कामात राहिले. ज्या मुलांशी कोणी खेळेल की नाही अशी एके काळी धास्ती होती त्यांची ही गोष्ट.

या वेलाचा एक फुटवा तुमच्यासारख्या कोरडवाहू रानात पोचला आहे. दिनकरराव आणि इरावतीबाई यांची मुलगी जाई, म्हणजे बायांची नात, फलटणच्या बनबिहारी निंबकरांच्या घरात दिली. फलटण म्हणजे सातारा जिल्ह्याचा पर्जन्यछायेचा भाग. तिथे निंबकरांनी १९६८ मध्ये कृषी संशोधन संस्था सुरू केली. बिनकाट्यांची ‘नारी-६’ करडई तिथली, गोड धाटांची ‘मधुरा’ ज्वारी तिथली, जुळी कोकरे देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढीही तिथलीच. करडईवर काम करणाऱ्या नंदिनी निंबकर आणि शेळ्यामेंढ्यांवर काम करणाऱ्या चंदा निंबकर या बायांच्या पणत्या. हातमोजे न घालता करडई काढणारी बाई आपल्या रानात असेल तर तिने देवरुखच्या त्या आठ वर्षांच्या विधवेची एकदा आठवण काढावी.

बाया २९ नोव्हेंबर १९५० रोजी गेल्या. महर्षी पुढे बारा वर्षे जगले. वयाच्या शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले. सत्तावन्न वर्षांचा संसार ज्यांनी ओढला त्या तो सोहळा बघायला नव्हत्या.

तुमच्याकडची माय

कोणी म्हणेल, ही शिकलेल्या घरची गोष्ट झाली. मग कापसाच्या मुलखातलीच घेऊ. बायांनंतर वर्षभराने, ३ डिसेंबर १९५१ ला, जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. जन्म असोद्याचा, १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न, तिसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मुले आणि समोर शेत. अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि रानात काम करता करता ओव्या रचत. लेक सोपानदेव आणि एक नातलग यांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून उरल्या. पुस्तक निघाले १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. आज उत्तर महाराष्ट्राच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

लेकाने टिपून घेतले नसते तर? कितीतरी घरांत टिपून घेणारा लेक नव्हता. आपल्या आजीला किती औषधी झाडे माहीत होती, कोणत्या नक्षत्रात काय पेरावे याचा तिचा अंदाज काय होता, दुष्काळात तिने घर कसे जगवले, हे तिच्याबरोबर मसणात गेले. तेराव्याला आपण गोडाचे जेवण केले आणि म्हणालो, लई गुणाची होती.

नोटीस कोणाच्या नावाने येते

गुण गाऊन काम भागत नाही, हे आम्हाला आमच्या गावाने शिकवले. १९९० नंतरच्या वर्षांत आमच्या खाडीकाठी मोठा वीजप्रकल्प आला. जमिनी संपादन झाल्या. प्रकल्प चांगला की वाईट हा आजचा विषय नाही. संपादनाची नोटीस येते कशी, एवढेच सांगतो. कागदावर ज्याचे नाव त्याच्या नावाने नोटीस, त्याच्या नावाने मोबदला. त्या तुकड्यात चाळीस वर्षे कोणी वाकून लावणी केली हे कोणता कागद सांगतो? सातबाऱ्यावर मुंबईच्या दिराचे नाव होते, मेलेल्या सासऱ्याचे होते, कधीच न पाहिलेल्या चुलत भावांची नावे होती. राबणारीचे नव्हते. तिच्या अंगठ्याची गरज पडली ती हरकत नाही म्हणून लिहून द्यायला.

तुमच्याकडे नोटीस वेगळ्या वाटेने येते. कर्जापायी घरचा कर्ता जीव देतो. सांत्वनाला माणसे येतात आणि जातात. मग ती बाई अर्ज घेऊन कचेरीत उभी राहते, आणि पहिला प्रश्न येतो, सातबारा कोणाच्या नावावर आहे? सोसायटीत तोच प्रश्न, बँकेत तोच, पीक विम्याला तोच. पहिल्या वेचणीला रानात सीतादही करायला घरची लक्ष्मी लागते. त्या रानाच्या उताऱ्यावर तिला जागा नाही.

आठवण ठेवायची तर

ही गोष्ट शेतकरी चळवळीला नवी नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला लाखो शेतकरी बायका जमल्या होत्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी घरोघर जमिनीचा तुकडा घरधनिणीच्या नावावर करून दाखवला. सरकारचे अनुदान नाही, कोणाची सक्ती नाही. देणे लागतो म्हणून दिले. पुढे शासनानेही नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायची वाट केली.

कायदाही हळूहळू सरकला आहे. लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये दिला, आणि बाप आधी वारला असला तरी हा हक्क बुडत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितले. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर बापाच्या आधी आईचे नाव लिहायचे, असा महाराष्ट्राचा निर्णय आहे. १८५६ चा कायदा असूनही १८९३ मध्ये बायांना बहिष्कार भोगावा लागला हे मात्र विसरू नका. कायदा दार उघडतो, चौकटीतून पाय आपल्याला टाकावा लागतो.

म्हणून या बैठकीपुढे आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली. ज्या घरात म्हातारी हयात आहे तिथे शाळेत जाणाऱ्या नातवंडाने एक वही करावी आणि तिचे पुराण लिहून घ्यावे. कोणत्या साली लग्न झाले, किती बाळंतपणे झाली, कोणती जगली, कोणता तुकडा कोणाच्या कष्टाने घेतला, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेले. कापसाचे पैसे आले तेव्हा तिच्या हातात काय पडले, हेही विचारावे. आपल्याला ऐकायला आवडणार नाही ते आधी लिहावे.

दुसरी. या हंगामाचा खर्च मांडाल तेव्हा घरच्या बाईचे दिवस वेगळे मांडा. निंदणाचे किती, वेचणीचे किती, बाहेरच्या मजुरिणीला देता तोच दर लावा. आकडा बघून धक्का बसेल. बसू द्या. भाव मागायला जाल तेव्हा हाच आकडा तुमच्या हातात असेल, आणि घरी परताल तेव्हाही तोच तुमच्या समोर असेल.

तिसरी. म्हातारा किंवा म्हातारी गेल्यावर दिवस होतात न होतात तोच बहिणींपुढे हक्कसोडीचा कागद येतो. साडीचोळी करून सही घेतात. ही रीत बंद करा. आणि मरणाची वाट बघू नका. घरातली माय डोळ्यांनी बघते आहे तोवर तिचे नाव उताऱ्यावर चढवा. अर्ज करा, फेरफार पडू द्या, आणि नवा सातबारा तिच्या हातात द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

फोटोला हार घालायला खर्च येत नाही, म्हणून आपण तो पटकन घालतो. बायांनी असला हार मागितला नव्हता. त्यांनी पाच हजारांचा हिशेब मागितला होता, आणि तो मिळाला नाही तेव्हा स्वतः लिहून ठेवला. आपल्या घरातल्या किती जणींना लिहिता येते?

फेरफाराच्या अर्जाचे नमुने मांडवाच्या दाराशी ठेवले आहेत. जाताना एकेक घेऊन जा. भरताना अडचण आली तर तालुक्याच्या बैठकीत घेऊन या, तिथे बसून भरू.

एवढे सांगून आम्ही आमचे बोलणे थांबवतो.